तीनशे दोनमधली हिरवी माशी

सांडोर, वसई
१३ जानेवारी २००२

क्षिते,

हे पत्र मी दिवाळीत लिहायला घेतलं होतं. 'क्षिते' लिहिलं, स्वल्पविराम दिला, आणि कार्मिन आजीला केळीचा घड उतरवायला हात हवा होता म्हणून उठलो. परत बसलो तेव्हा नाताळ होऊन गेला होता. मधल्या काळात काय केलंस असं विचारू नकोस. मीही स्वतःला विचारत नाही, म्हणून आमचं बरं चाललंय.

तुला माझा शेवटचा पत्ता सुरतेचा ठाऊक असेल. तिथे साड्यांच्या खोक्यांना पट्ट्या मारत होतो. मग एका फोटो स्टुडिओत, मग एका सर्कशीबरोबर पालघरपर्यंत. पालघरला माझं भांडण झालं, उंटाशी. आता वसईत आहे. सांडोरला कार्मिन आजीच्या वाडीतली मागची खोली, चारी बाजूंनी केळी, आणि माणिकपूरला बॅप्टिस्टच्या पेस्ट कंट्रोलमध्ये नोकरी. झुरळं, ढेकूण, वाळवी. पाठीवर पंप घेऊन घरोघर फवारत हिंडतो. बारावीला दोनदा आपटल्यानंतर प्रथमच माझ्या पाठीवर काही जबाबदारी आली आहे, ती बारा लिटरची आहे.

आता मुद्दा. मावशीने, म्हणजे तुझ्या मातोश्रींनी, मला काम सोपवलं होतं हे तुला माहीत आहेच. विरारला फुलपाड्यातलं सामंतांचं स्थळ, तिसरा मजला, तीनशे दोन. मुलगा कौस्तुभ, विमा कंपनीत. 'तू तिकडेच आहेस तर कोणाला न कळता चौकशी करून ये. घर स्वतःचं की भाड्याचं, पाणी किती वेळ येतं, मुलाला काही व्यसन, आईचा स्वभाव कसा.' इतका विश्वास माझ्यावर आजवर कोणी टाकला नव्हता. मावशीनेही टाकला तो विरारला दुसरं कोणी नाही म्हणून.

मी सरळ जाऊन बेल वाजवणारा माणूस नाही. आधी त्या इमारतीतल्या सगळ्या टपालपेट्यांत बॅप्टिस्टची पत्रकं टाकली. सामंतांच्या पेटीत तीन टाकली. पंधरवड्यात त्यांच्याकडून बोलावणं. आता मला सांग, याला बुद्धी म्हणतात की नाही? थांब, सांगू नकोस, पुढचं वाच.

दार एका तरुणाने उघडलं. वय आपल्यापेक्षा थोडं जास्त, अंगात बनियन, हातात चहाचा पेला, डोळ्यांवर झोप. म्हणाला, काकू शाळेत गेल्यात, संध्याकाळी येतील, तुम्ही करून घ्या. आईला काकू म्हणतो हे ऐकून मला हसू आलं, पण आपल्या नानामामाची मुलं नाही का आईला वहिनी म्हणतात. एकत्र घरात वाढलेली मुलं असं काहीबाही म्हणतात.

स्वयंपाकघर फवारलं. मग बाथरूमकडे वळलो तर तो मागून आला आणि मला थांबवलं. खिडकीच्या कडेवर एक माशी बसली होती. गांधीलमाशीच्या अंगाची, पण रंग मोरपंखी हिरवा, असा झगझगीत की वाटावं कोणाच्या कानातलं पडलंय. मांड्या लाल. खाली मोरीजवळ एक दांडगं झुरळ. ती उतरली, त्याच्या मानगुटीला लटकली, आधी छातीत डंख मारला, मग सावकाश, दाढ काढणाऱ्या डॉक्टरसारखा नेम धरून, डोक्यात दुसरा. आणि निघून गेली.

झुरळ पळालं नाही, क्षिते. मेलंही नाही. जागच्या जागी उभं राहून मिश्या साफ करत बसलं, जसे काही पाहुणे यायचे आहेत. थोड्या वेळाने बाई परत आल्या. त्याच्या मिश्या अर्ध्यावर कातरल्या, उरलेली एक तोंडात धरली आणि दावं धरून गाय न्यावी तसं त्याला भिंतीवरून वर नेलं. ते आपल्या सहा पायांनी चालत गेलं. गिझरच्या पाइपाशेजारी एक भोक होतं, त्यात दोघं गेली. नंतर ती एकटीच बाहेर आली आणि काडीकचरा आणून भोक बुजवत बसली.

हे सगळं आम्ही दोघं बघत होतो. तो उलट्या बादलीवर, मी पंपावर. किती वेळ गेला सांगता येत नाही, त्याचा चहा थंड झाला होता. बाथरूम न फवारताच निघालो. रिक्षात बसल्यावर आठवलं की घर स्वतःचं की भाड्याचं, पाणी, व्यसन, स्वभाव यातलं मी एकही पाहिलं नाही.

तरी माझं मत हवंच असेल तर, नको म्हण. कामाच्या दिवशी बनियनवर घरी असणारा, झुरळाकडे तासभर बघत बसणारा माणूस काय कामाचा? असल्या एकाची दाढी मी रोज सकाळी करतो.

तुझा,
सुमेध

•

मुलींचे वसतिगृह, कृषी विद्यापीठ, दापोली
२२ जानेवारी २००२

सुम्या,

तुझं पत्र वाचताना तीनदा उठून खोलीत फिरले. रूममेटला वाटलं घरी काही वाईट झालंय.

तू जी पाहिलीस ती ॲम्पुलेक्स. पुस्तकात तिचं चित्र आहे, प्रयोगशाळेत तिची एक वाळलेली मादी आहे, टाचणीला लावलेली, एक पाय गेलेली. जिवंत मी कधी पाहिली नाही. कीटकशास्त्रात एमएस्सी मी करते आणि ती दिसली तुला, बाथरूममध्ये, पंपावर बसून. असो.

दुसरा डंख नेमका मेंदूत असतो. त्याने झुरळ लुळं पडत नाही. पाय चालतात, उलटं केलं तर सरळ होतं. फक्त स्वतःहून चालायला लागणं त्याच्याच्याने होत नाही. कोणी मिशी धरून ओढलं की चालतं. आत नेऊन ती त्याच्या मधल्या पायापाशी अंडं घालते. अळी आधी बाहेरून, मग आतून, त्याला जिवंत ठेवून खाते. पाचसहा आठवड्यांनी, थंडीत त्याहून बऱ्याच उशिरा, त्या भोकातून नवी माशी बाहेर येते.

एवढं लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. पुन्हा उचललं आहे.

सामंतांकडे मे महिन्यातला मुहूर्त हवा आहे, हे तुला आई सांगणार नाही. माझा प्रबंध जूनअखेर द्यायचा. रोज सकाळी आंब्याच्या मोहोरावरचे तुडतुडे मोजते, या हंगामातले मोजले नाहीत तर पुढच्या मोहोरापर्यंत थांबावं लागेल. आई फोनवर विचारते तेव्हा मी 'बघू' म्हणते. फोन रेक्टर मॅडमच्या खोलीत आहे आणि मॅडम कान देऊन बसलेल्या असतात, हे एक कारण. दुसरं कारण मला नीट सांगता येत नाही. वरचा परिच्छेद वाच.

दोन प्रश्न. भोक अजून बंद आहे का? आणि त्या माणसाने तुला थांबवलं तेव्हा तो नेमकं काय म्हणाला? त्याचे शब्द हवेत, तुझे नकोत.

क्षितिजा

•

सांडोर
२ फेब्रुवारी २००२

क्षिते,

बघ, या वेळी दहा दिवसांच्या आत उत्तर. पोस्टमनने दोनदा चष्मा पुसून पाहिलं.

तुझा तो परिच्छेद मी कार्मिन आजीला वाचून दाखवला. आजीला माझं मराठी निम्मं कळतं आणि मला तिची बोली निम्मी, त्यामुळे आमचं छान जमतं. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, तुला कधी चावली? पाय आहेत, चालता येतं, पण कोणी धरून नेल्याशिवाय हलत नाही, हे माझंच वर्णन आहे असं तिला वाटलं. मला तर शंकाच नाही. मला आधी काकांनी आयटीआयमध्ये ओढत नेलं, मग सुरतेच्या मामेभावाने, मग उंटाने. माझ्या मिश्या आता इतक्या आखूड झाल्यात की धरायला कोणी मिळत नाही. तू यात स्वतःला कशाला घेतेस? तू पहिल्यापासून पुढे चालणारी. आपण लहानपणी चिपळूणच्या बाजारात हरवलो तेव्हा रडत मी होतो आणि पोलिसाचा हात धरून आपल्याला घरी आणलंस तू.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. मी पंपाचा दांडा खाली करणार तेवढ्यात तो म्हणाला, "तिचं काम आधी पुरं होऊ दे. आपल्याला घाई आहे म्हणून तिने अर्ध्यावर कशाला टाकायचं?"

एवढंच. यात काय विशेष ते मला कळलं नाही. मला तर ते आळशी माणसाचं बोलणं वाटलं, मी स्वतः असली वाक्यं बोलून अनेक नोकऱ्या घालवल्या आहेत.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही, कारण परत जायला निमित्त हवं.

आता एक गोष्ट घडली ती सांगून टाकतो. मावशीचा फोन आला, थेट बॅप्टिस्टच्या दुकानात. मुलगा कसा वाटला म्हणून विचारलं. बॅप्टिस्ट समोरच बसला होता, आणि मी कामाच्या वेळात मुलगे बघत फिरतो हे मालकाला कळणं बरं नव्हे. म्हणून मी जपून म्हटलं, चांगला आहे, शांत आहे, घरात लक्ष घालतो. बॅप्टिस्टला वाटलं मी नव्या औषधाचं बोलतोय. फोन ठेवल्यावर त्याने विचारलं, पण झुरळं मरतात ना? मावशीला मात्र ते होकारासारखं ऐकू गेलं असावं, कारण तिने मला आशीर्वाद दिला. मला आशीर्वाद मिळाला की पुढे काहीतरी बिघडतं.

तुला नको असेल तर तू सरळ नाही म्हणून टाक. माझ्या शिफारशीची लाज बाळगू नकोस, मी बाळगत नाही.

सुमेध

•

दापोली
२० फेब्रुवारी २००२

सुमेध,

मी आईला होकार दिला होता. लग्नाला नव्हे, बघायला येऊ देत म्हणून. पण आपल्याकडे त्यात फारसं अंतर नसतं हे मला माहीत होतं आणि तरी दिला. तू लिहिलेल्या त्या एका वाक्यावर दिला. मला वाटलं, झुरळावरच्या माशीबद्दल जो असं बोलतो तो तुडतुड्यांबद्दलही बोलेल.

रविवारी मंडळी चिपळूणला आली. कौस्तुभ, त्याची आई, एक काका. कौस्तुभ इस्त्रीच्या शर्टात, वेळेवर, नीट बोलणारा. मनात म्हटलं, सुम्याला बनियनमध्ये दिसलेला माणूस शर्टात असा दिसत असेल. पोहे झाले. दोघांना गच्चीवर पाठवलं. मी विचारलं, "ती हिरवी माशी पुन्हा दिसली का?"

त्याने विचारलं, कुठली माशी?

मी बाथरूम म्हटलं, पाइप म्हटलं, बादली म्हटलं. मग खाली येऊन त्याने आईला विचारलं, आणि सामंतकाकूंनी सांगितलं की त्यांच्याकडे पेस्ट कंट्रोल झालं होतं, पण तो पोरगा अगदीच टाकाऊ निघाला, बाथरूममध्ये झुरळं तशीच आहेत. घरी कोण होतं? कोणीच नाही. सगळे कामावर जातात, चावी शेजारी ठेवलेली असते.

घर तू बरोबर शोधलंस. माणूस शेजारचा पाहिलास.

कौस्तुभ वाईट नाही. हे लिहायला हवं. माझा प्रबंध जूनमध्ये आहे म्हटल्यावर तो हसून म्हणाला, लग्नानंतर तुडतुडे मोजून काय करायचंय, आमच्याकडे डास आहेत ते मोज. विनोद होता. सगळे हसले, मीही हसले. बाबा हसले नाहीत, पण बाबा एसटीत कंट्रोलर होते तेव्हापासून कशालाच हसत नाहीत, त्यामुळे त्यावरून काही कळत नाही.

त्यांना मी पसंत आहे. मुहूर्त वैशाखातला. उत्तर पाडव्यापर्यंत द्यायचं आहे आणि ते बाबा देणार आहेत. मला कोणी विचारलं नाही, कारण मी आधीच होकार दिला आहे असं सगळ्यांचं मत आहे. मीही खोलीत बसून मिश्या साफ करते आहे.

तुला शिव्या द्यायला बसले होते पण कागद संपत आला. तो शेजारी कोण, हे मला नको. एवढंच कळव: ते वाक्य तो खरंच बोलला होता, की पत्र लांबवायला तू घातलंस? तुझी सवय मला ठाऊक आहे. खरं लिही.

क्षितिजा

•

सांडोर
५ मार्च २००२

क्षितिजा,

पूर्ण नाव लिहिलं यावरून माझी अवस्था ओळख.

तुझं पत्र घेऊन मी वाडीतल्या विहिरीच्या काठावर बसलो. कार्मिन आजीने लांबूनच हटकलं, उडी मारायची असेल तर दुसरी विहीर बघ, हे पाणी प्यायचं आहे. सध्या त्यांचा उपासकाळ चालू आहे, ईस्टरपर्यंत मटण-मासळी बंद, त्यामुळे आजी जरा कडक झाली आहे.

वाक्य खरं आहे. माझ्याच्याने असं वाक्य तयार होत नाही, झालं असतं तर मी बारावी झालो असतो. तरी तुझ्या समाधानासाठी परत फुलपाड्याला गेलो. तीनशे तीनची बेल वाजवली. तोच बनियन, तोच पेला.

तू कोण ते नको म्हणालीस. मी लिहिणार, तुला नको असेल तर पुढच्या चार ओळी सोड. नाव जयवंत. छापखान्यात रात्रपाळी, सकाळी पेपर घेऊनच घरी येतो. दिवसभर घरी असणारा मजल्यावर हा एकटाच, म्हणून त्याच्या दाराच्या मागे खिळ्यांची रांग आहे आणि प्रत्येक खिळ्याला एकेका घराची चावी. गॅसवाला, पाणीवाला, मीटरवाला, सगळ्यांना हाच दार उघडून देतो. सामंतांच्या तुळशीला पाणीही हाच घालतो. तेव्हाच त्याला ती माशी दिसली आणि तो रोज जायला लागला. त्याला तिचं नावगाव काही माहीत नाही. तो तिला 'ती' म्हणतो.

मी त्याला सगळं सांगितलं नाही, निम्मंच सांगितलं. पण निम्म्यात सगळं आलं, अशी माझी सांगण्याची पद्धत आहे. त्याने पेला खाली ठेवला. कान लाल झाले होते. मग म्हणाला, "त्यांना सांगा, सामंत माणसं वाईट नाहीत. फक्त घरी नसतात." मी विचारलं, ते वाक्य तुम्ही बोललात ना? म्हणाला, बोललो असेन, रात्रपाळीनंतर मी काय बोलतो ते मला आठवत नाही. मग स्वतःच म्हणाला, पण आजही तेच म्हणेन.

आता माझी वार्ता. सामंतकाकूंची तक्रार बॅप्टिस्टकडे पोचली. त्याने मला एका शब्दाने विचारलं नाही, नुसतं पंप धुवायच्या कामावर बसवलं. शनिवारी तो स्वतः माझ्याबरोबर येऊन तीनशे दोन पुन्हा फवारणार होता, आणि बॅप्टिस्ट एकदा सुरू झाला की भिंतीच्या आतलंही काही उरत नाही. मी जयवंतला सांगितलं. शनिवारी आम्ही पोचलो तर भोकावर चहाची जुनी गाळणी बसवलेली, कडेने चिकटपट्टी, खाली पॉलिथिन. बॅप्टिस्टने विचारलं, हे काय? जयवंत शांतपणे म्हणाला, वायरिंगचं काम अर्धं आहे, तिकडे ओलं करू नका. बॅप्टिस्ट विजेला फार भितो.

तर भोक बंद आहे, आत जे चाललंय ते चाललंय. ती बाहेर आली की गाळणीत सापडेल. तुला पाठवू का? तुझ्या प्रयोगशाळेतल्या बाईला एक पाय कमी आहे म्हणाली होतीस.

आणि क्षिते, मला एक कळेना. मी झुरळावरून चिडवत बसलो होतो ते स्वतःला. तुला लागलं का गं?

सुमेध

•

दापोली
२२ मार्च २००२

सुम्या,

लागलं. बरं झालं.

तुझं पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचे तुडतुडे मोजले, वही रूममेटकडे दिली आणि चिपळूणची एसटी पकडली. घरात कोणाला कळवलं नव्हतं. रात्री जेवायला बसल्यावर मी म्हटलं की मला सामंतांकडे द्यायचं नाही, निदान प्रबंध होईपर्यंत कोणाकडेच नाही. आईने विचारलं, मग बघायला बोलावलंस कशाला? मी खरं ते सांगितलं. म्हटलं, सुमेधने मला त्या घरातल्या माणसाचं एक वाक्य लिहिलं होतं, त्यावर मी हो म्हटलं, आणि तो माणूस हा नव्हता, शेजारच्या तीनशे तीनमधला रात्रपाळीवाला होता.

बाबांनी विचारलं, काय वाक्य? मी सांगितलं. त्यांनी ताक प्यायलं, भांडं पालथं ठेवलं आणि पानावरून उठले. त्यानंतर माझ्याशी एक शब्द नाही. आई रडत होती, मधून मधून तुझा उद्धार करत होती. पहाटे मी बॅग उचलली. बाबा ओटीवर पेपर वाचत होते. मी येते म्हटलं, त्यांनी पान उलटलं. स्टँडवर चालत गेले. वाटेत कधीतरी जाणवलं की मी चालते आहे. तुला हे वाचताना हसू येईल, येऊ दे.

पण गोष्ट संपलेली नाही. सामंतांना उत्तर बाबाच देणार, आणि एकदा दिलेला शब्द फिरवणं त्यांना जमत नाही. त्यांनी होकार कळवला तर मला पुन्हा उभं राहावं लागेल, आणि या वेळी ते घरभर ऐकू जाईल. कौस्तुभला मी स्वतः दोन ओळी लिहिल्या, माफी मागितली. त्याचं नीट उत्तर आलं. म्हणाला, डासांचा विनोद त्यालाही घरी गेल्यावर बरा वाटला नाही.

माशी पाठवू नकोस. पाठवलीस तर मला तिला टाचणी लावावी लागेल, आमच्याकडे दुसरा मार्ग नाही. बाहेर आली की गाळणी काढा. कुठल्या दिवशी आली तेवढं मात्र लिहून ठेव. ते काम त्याला सांग, तुला नको.

त्यांना नमस्कार सांग असं लिहिणार होते. नको सांगूस. किंवा सांग.

क्षितिजा

•

सांडोर
१० एप्रिल २००२

क्षिते,

उशीर झाला आहे, पण या वेळचं कारण ऐक. गुड फ्रायडेला कार्मिन आजीचा मुलगा फ्रान्सिस कुवेतहून आला, त्याच्या बॅगेत एक रेडिओ होता, तो बिघडला, तो मी उघडला. आता रेडिओ उरला नाही, मी अजून उरलो आहे. कारण पुरेसं नाही हे मलाही दिसतंय.

ती बाहेर आली, क्षिते. जयवंतने छापखान्याच्या रद्दीवर तारीख, वेळ, हवामान सगळं लिहून ठेवलंय, कागद सोबत जोडला आहे. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे एवढंच लक्षात घे, बाकी मी बोलत नाही. त्याने सकाळी बॅप्टिस्टच्या दुकानात फोन केला, एवढंच म्हणाला की या. मी पंप धुवायचा टाकून गेलो. गाळणीच्या आत ती बसली होती, अगदी कोरी करकरीत, त्या पहिलीपेक्षा लहान. त्याने चिकटपट्टी एका बाजूने सोडली. ती खिडकीच्या कडेवर गेली, मिश्या हलवल्या आणि समोरच्या सोसायटीच्या टाकीकडे उडाली. नंतर त्याने गाळणी धुतली आणि मला तिच्यातूनच चहा दिला. मी प्यालो. मला त्या वेळी नाही म्हणवलं नाही.

नमस्कार सांगितला. म्हटलं, सांगू नको किंवा सांग असं लिहिलंय, तर सांगतो. त्याने खिळ्यांवरच्या चाव्या सारख्या केल्या. मग त्याने विचारलं, तुडतुडे मोजायचे म्हणजे ते उडत नाहीत का? मला कुठे माहीत. म्हणाला, एकदा विचारून सांगा. तर विचारतो आहे. उडत नाहीत का?

माझी नोकरी टिकली आहे. बॅप्टिस्ट म्हणतो, सामंतकाकूंच्या घरी आता झुरळ औषधालाही नाही. श्रेय मी घेतलं. माशीला नोकरीची गरज नव्हती.

सामंतांना तुझ्या घरून काही उत्तर आलं का, हे मी जयवंतला विचारलं. त्याला माहीत नाही, चावी देताना माणसं एवढं बोलत नाहीत. पाडवा तीन दिवसांवर आला आहे आणि मी इथे बसून माझ्या नेहमीच्या पद्धतीने काळजी करतोय, म्हणजे काहीच न करता. चिपळूणला जाऊन काकांच्या पायांवर पडावं असं दोनदा मनात आलं. एकदा स्टेशनपर्यंतही गेलो. तिथे एक माणूस पोपट विकत होता

थांब. आजी हाक मारते आहे, आणि आजी सहसा दोनदा मारत नाही.

परत आलो. पोपट राहू दे आता. फाटकात काका उभे होते. तुझे बाबा. पांढरी पँट, एसटीतली जुनी कातडी बॅग, आणि चेहऱ्यावर गाडी चुकलेल्या प्रवाशाकडे बघतानाचे भाव. एकटे. मावशीला देवरुखला लग्नाला जातो म्हणून सांगून आलेत. मी वाकलो, पाठीवर काही पडेल म्हणून तयारी ठेवली होती. काही पडलं नाही.

पाणी प्याले. म्हणाले, सामंतांना परवाच नकार कळवला, समक्ष जाऊन सांगायला हवं होतं, म्हणून आज सकाळी ते कामावर निघायच्या आत फुलपाड्याला जाऊन तेच करून आलो. मग ओट्यावर टेकले. आजीने पुढे केलेला चहा प्याले. मी शेवटी धीर करून विचारलं, म्हणजे आता क्षितिजा...

"ती प्रबंध पुरा करेल. तो प्रश्न संपला," काका म्हणाले. "पण स्थळाची चौकशी तुझ्यावर सोपवू दिली ही माझी चूक. शेजारचं, ते वाक्य बोलणाऱ्याचं दार बंद होतं, तो झोपला असावा. ते दार मला आतून बघायचं आहे."

मी म्हटलं, जाऊ या की, मी ओळख करून देतो. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी परत बारावीत गेलो. म्हणाले, ओळख करून दिली की माणूस शर्ट घालतो. तुझ्या मालकाला विचार, तीनशे तीनला उद्या फुकट फवारणी करतो का. मदतनीस म्हणून मी येईन.

क्षिते, तुझे बाबा आत्ता अंगणात आहेत. उद्याची रंगीत तालीम म्हणून फ्रान्सिसची जुनी खाकी पँट अंगावर चढवली आहे, पाठीवर माझा पंप घेतला आहे, आणि आजी त्यांच्या तोंडाला रुमाल बांधून देते आहे. मला हाक मारून विचारतायत, असा ओळखू येतो का बघ.